छातीचा फोटो

मृदुला बर्वे हिचा संशयी स्वभाव हा झाशीतल्या मराठी घरांमधला चेष्टेचा विषय होता. भाजीवाल्याचा काटा ती दोनदा बघायची, औषधाच्या बाटलीवरची तारीख उजेडात धरून वाचायची, आणि लग्नपत्रिकेवरचा मुहूर्तसुद्धा पंचांगात ताडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "डॉक्टर झाली ते बरं झालं," तिचा नवरा सुमेध म्हणायचा, "पोलिसात गेली असती तर निम्मं गाव आत असतं."

त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून ते पत्र आलं आणि मृदुला म्हणाली, "यात काहीतरी गोम आहे," तेव्हा कुणी कान दिला नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली नोकरी सोडली होती. खंडेराव गेटजवळ एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन तिने आपलं छोटंसं आरोग्य केंद्र थाटलं. माणसं तीनच. ती स्वतः, आकडेवारी सांभाळणारा निशांत आणि गावोगाव फिरणारी नर्स सलोनी. काम एकच धरलं होतं: बुंदेलखंडातला उन्हाळा वर्षागणिक कडक होतोय, तर त्याने कोण आजारी पडतं, कोण मरतं, हे नीट लिहून ठेवायचं. जिल्ह्यातल्या टहरौलीच्या आसपास अकरा गावांतल्या शाळांच्या भिंतींवर तिने तापमापक लावले होते. रोज दोन वेळा नोंद व्हायची, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आजारपणं आणि मृत्यू यांची यादी वेगळी.

या कामाला कुणी तरी आधार द्यावा म्हणून तिने कितीतरी अर्ज केले. एका परदेशी संस्थेने कळवलं, यंदा आमचा भर समुद्रकिनाऱ्यावरच्या देशांवर आहे. दुसरीने सांगितलं, दिल्लीतली एखादी मोठी संस्था सोबत घ्या, मग बोलू. एका गृहस्थाने व्हिडिओवरच्या बैठकीत विचारलं, झाशी हा विकसनशील प्रदेश धरायचा की विकसित? तो थट्टा करतोय की खरंच विचारतोय, हे मृदुलाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि आता ही 'शीतलछाया फाउंडेशन' आपण होऊन दारात उभी होती. वाढतं तापमान आणि मजुरांचं आरोग्य, तीन वर्षांचा अभ्यास, सगळा खर्च त्यांचा. मृदुलाने पत्र तीनदा वाचलं. त्यात खोट काढावी असं काही सापडेना, आणि तिला त्याचाच त्रास व्हायला लागला.

"अगं, चांगलं काम केलंस म्हणून आलं पत्र," सुमेध म्हणाला. तो रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या खात्यात इंजिनिअर होता, मूळचा भुसावळचा. "नऊ वर्षं कुणी विचारत नाही म्हणून चिडत होतीस. आता विचारलं तर विचारलं का म्हणून चिडतेस."

"चिडत नाही हो. पण त्यांना आपला पत्ता दिला कुणी?"

*

फाउंडेशनचा माणूस आठवड्याभरात आला. अमोघ नाव, पस्तिशीचा, पुण्याचा. दिल्लीच्या गाडीतून उतरून तो थेट ऑफिसात आला तोच वाकून नमस्कार करत. त्याचं मराठी इतकं घोटलेलं होतं की मृदुलाला आपली भाषा एकदम जुनी आणि हिंदीत भिजलेली वाटायला लागली. तिच्या घराण्याला झाशीत येऊन सात पिढ्या झाल्या होत्या. घरात अजून 'फुलपात्र' आणि 'माजघर' म्हणत, पण रस्त्यावर पाऊल टाकलं की सगळा कारभार हिंदीत.

"आपल्या माणसांबरोबर काम करायला वेगळंच बरं वाटतं, मॅडम," अमोघ म्हणाला.

मृदुला नुसती हसली. आपली माणसं, हा शब्द तिला नेहमीच जरा घाईचा वाटायचा.

अमोघने अभ्यासाचा कच्चा आराखडा समोर ठेवला. छान छापलेला, रंगीत नकाशे घातलेला. मृदुलाने चष्मा चढवला आणि गावांची यादी बघितली. बारा गावं. त्यातली चार तिच्या माहितीची. बाकीच्या आठ गावांत तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

"ही गावं कुणी निवडली?"

"आमच्या टीमने. जिथे उन्हात काम करणारे मजूर जास्त, अशी."

उत्तर सरळ होतं. तिने पान उलटलं. प्रश्नावली होती. दिवसातून किती तास उन्हात? पाणी किती पिता? बिडी ओढता का? दारू घेता का? झोप किती? लघवीला जळजळ होते का? कामाच्या ठिकाणासाठी मात्र एकच चौकोन होता आणि त्यात एकच शब्द, 'मजूर'. शेतात की भट्टीवर की खाणीत, ते विचारलंच नव्हतं.

"आणि छातीचा फोटो?" तिने विचारलं. "मजुरांची तपासणी म्हणता, तर एक्स-रे कुठे दिसत नाही."

"मॅडम, विषय हवामानाचा आहे," अमोघ समजुतीने म्हणाला. "सगळंच एका अभ्यासात नाही बसवता येत."

हेही बरोबरच होतं. मोठमोठे लोक तिला नऊ वर्षं हेच सांगत होते, विषय आटोपशीर ठेवा म्हणून. अमोघ चहा पिऊन, केंद्राचे चार फोटो काढून, दुपारच्या गाडीने परत गेला. जाताना तो निशांतला नावाने हाक मारून म्हणाला, "तुमचे तक्ते फार सुंदर आहेत."

मृदुलाच्या मनात नेमकं तेच अडकून बसलं. निशांतचं नाव याला कसं ठाऊक? आणि तक्ते याने पाहिले कुठे?

*

तिसऱ्या दिवशी सलोनी बाहेर गेल्यावर मृदुलाने निशांतच्या टेबलाशी खुर्ची ओढली. निशांतही मराठी घरातलाच, पण त्याला मराठी समजायचं जास्त आणि बोलता यायचं कमी.

"निशांत, खरं सांग. ह्या लोकांशी तुझी आधीपासून ओळख आहे?"

"नहीं, मैडम."

"मग आपली आकडेवारी त्यांच्याकडे गेली कशी? तुला काही देऊ केलं का त्यांनी? नोकरी, आणखी काही?"

निशांतचे कान लाल झाले. मग त्याने एक जुनी ईमेल उघडली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. दोन वर्षांपूर्वीची, मृदुलाचीच. 'सगळे तक्ते आपल्या वेबसाइटवर टाक. कुणालाही बघता येऊ देत. लपवण्यासारखं आपल्याकडे काय आहे?' खाली, तक्ते कुणी तयार केले म्हणून निशांतचं नाव घालायला तिनेच सांगितलं होतं.

"आपको लगा मैंने बेच दिया?" तो म्हणाला. मग मोडक्या मराठीत, शब्द शोधत, "पाच साल झाले, मैडम. पाच साल मी इथे आहे."

"चुकले मी," ती म्हणाली. निशांतने मान हलवली आणि लॅपटॉप परत आपल्याकडे वळवला. त्या दिवसानंतर तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, विचारलं तेवढं सांगायचा. चहाच्या वेळी चालणाऱ्या गप्पा बंद पडल्या.

एवढं होऊनही मनातली शंका जाईना, हे मृदुलाला स्वतःलाच खटकत होतं. एका भल्या मुलाला दुखावून बसले, आता तरी पुरे, असं ती मनाला सांगायची, आणि दुसऱ्या मिनिटाला ती आठ गावं डोळ्यांपुढे यायची.

शेवटी तिने यादी सलोनीपुढे ठेवली. सलोनी टहरौलीकडचीच. तिने बोट फिरवत गावांची नावं वाचली आणि म्हणाली, "दीदी, ये तो सब क्रशर वाले गाँव हैं."

"सगळी?"

"आठों. यहाँ खेती कौन करता है? सब गिट्टी तोड़ते हैं."

डोंगर फोडायचा, यंत्रात दगड भरडायचा आणि खडी करायची. त्या गावांवरून जाताना झाडांची पानंसुद्धा पांढरी दिसतात, हे मृदुलाने बसमधून पाहिलं होतं. ती भुकटी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की फुफ्फुसं दगडासारखी होतात, हे तर ती नोकरीत असताना विद्यार्थ्यांना शिकवायची.

"पठाखेरा में केस भी चल रहा है," सलोनी म्हणाली. "सात आदमी ख़त्म हो गए ना. उनकी घरवालियों ने किया है."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी पठाखेऱ्याला गेल्या. रामसखी नावाच्या बाईचं घर गावाच्या टोकाला होतं. तिचा नवरा हरदयाल बारा वर्षं क्रशरवर होता. अडतिसाव्या वर्षी गेला. मृदुलाने ओळख सांगितली, गरमी आणि आजार यांवर काम करते म्हणाली, आणि रामसखीचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला.

"तुम सोई गरमी लिखबे आईं का?" ती म्हणाली. तुम्हीही गरमीच लिहायला आलात का?

"मीही म्हणजे? आणखी कोण आलं होतं?"

सलोनीने बुंदेलीत समजूत घातली तेव्हा हळूहळू उलगडा झाला. फागुनात दोन माणसं जीप घेऊन आली होती. सातही घरी गेली. विचारत होती, नवरा उन्हात काम करायचा ना? त्याला कधी उन्हाची लू लागली होती ना? उन्हाळ्यात चक्कर यायची ना? हो म्हटलं की लिहून घ्यायची आणि खाली अंगठा मागायची. रामसखीने अंगठा दिला नव्हता. तिच्या जावेने दिला होता.

"मशीन वालों का वकील भी यही कहता है," ती म्हणाली. "धूल से नहीं मरे, गरमी से मरे. गरमी भगवान की है, मालिक की नहीं."

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक मोठं पिवळं पाकीट घेऊन आली. हरदयालच्या छातीचा फोटो. मृदुलाने तो दाराच्या उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी वरच्या भागात पांढरे ठिपके गच्च भरले होते. दोन वर्षं त्याला टीबीची औषधं दिली होती, असं पाकिटातल्या कागदांवरून दिसत होतं. गुण आलाच नव्हता.

मृदुलाने फोटो परत दिला तसा रामसखीने तो दोन्ही हातांनी घेतला. "ले नहीं जाने दूँगी," ती म्हणाली. मृदुलाने मोबाइलवर त्याची प्रत काढण्याची परवानगी मागितली. तीही मिळाली नाही.

*

संशय आता खात्रीच्या काठावर आला होता, पण पुरावा नव्हता. जीप कुणाची, ते गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. घरी येऊन मृदुलाने शीतलछायाचे नोंदणीचे कागद काढले. पाच विश्वस्त, पत्त्यांसकट. नावं अगदी साधी, कुठेही भेटतील अशी. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिने ते सुमेधपुढे ठेवले.

"तू ना..." सुमेधने सुरुवात केली आणि थांबला. हातातला घास त्याने बशीत ठेवला. "हा पत्ता कुणाचा आहे?"

"दोन नंबरच्या विश्वस्ताचा."

"मृदुला, आमच्या रुळांखाली खडी लागते. ती पुरवणाऱ्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्यांतल्या एका कंपनीच्या मुख्य कचेरीचा हा पत्ता आहे. मजला तोच, खोली नंबरसुद्धा तोच." तो कागदाकडे बघत राहिला. नंतर, जराशा अपराधी आवाजात, "मी तुला उगाच हसत होतो."

"अहो, हसा. पण मला एक सांगा, आता करायचं काय? त्यांचं म्हणणं सगळं खोटं तरी कुठे आहे? उन्हाने माणसं मरतात. हे मीच नऊ वर्षं ओरडून सांगतेय."

तिचं खरं दुखणं हेच होतं. पैसे घेतले, तर निदान तीन वर्षं ऊन नीट मोजता आलं असतं. नाही घेतले, तर दुसरं कुणीतरी घेईल, आणि ते छातीकडे बघणारसुद्धा नाही. चार दिवस विचार करून तिने अमोघला लिहिलं. अभ्यास करते, पण तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक मजुराच्या छातीचा फोटो. कामाच्या जागी धुळीचं मोजमाप. आणि निष्कर्ष कुणालाही न विचारता छापण्याची मोकळीक. तुमचा हेतू साफ असेल तर यात अडचण यायला नको.

अकरा दिवस उत्तर नव्हतं. मग अमोघचा फोन आला.

"बोर्डाला वाटतं, याने विषय फार पसरेल."

"अमोघ, तुमच्या दोन नंबरच्या विश्वस्ताचा धंदा काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "मी कार्यक्रम बघतो, मॅडम. विश्वस्तांचं मला काही माहीत नसतं." मग, आवाज उतरवून, "तुम्ही हे लेखी विचारू नका. प्लीज."

त्याला ठाऊक होतं की त्याच क्षणी कळलं, हे मृदुलाला कधीच समजलं नाही. मे महिन्यात त्या आठ गावांत दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेची मुलं रंगीत टोप्या घालून प्रश्नावली भरताना दिसली. त्याच महिन्यात निशांतने राजीनामा दिला. भोपाळला काम मिळालं होतं. मृदुलाने थांब म्हणून पाहिलं. "वो बात नहीं है, मैडम," तो म्हणाला. पण बात तीच होती, हे दोघांनाही कळत होतं.

*

नुकसानभरपाईच्या दाव्याची सुनावणी ऑगस्टात लागली. बायकांच्या वकिलाने मृदुलाला डॉक्टर म्हणून बोलावलं. छोटी खोली, एक अधिकारी, भिंतीला टेकून बसलेल्या सात बायका. क्रशरवाल्यांच्या वकिलाने उभं राहून पहिल्यांदा जे कागद काढले, ते मृदुलाने लांबूनच ओळखले. तिच्याच वेबसाइटवरचे तक्ते होते.

"मैडम, टहरौली क्षेत्र में गर्मी से मौतें बढ़ रही हैं, ये आपने ही लिखा है?"

"हाँ."

"ये आँकड़े सही हैं?"

"हाँ, सही हैं."

वकील समाधानाने खाली बसला. भिंतीशी बसलेली रामसखी तिच्याकडे एकटक बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. 'वाटलंच होतं' असं काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

मृदुलाने अधिकाऱ्याला विचारलं, "सगळ्यांच्या मृत्यूच्या तारखा मिळतील का?" तारखा दाव्याच्या कागदांत होत्याच. हरदयाल गेला अकरा जानेवारीला. दुसरा डिसेंबरच्या शेवटी. तिसरा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. सातांतले पाच थंडीत गेले होते. अख्ख्या खोलीत कुणी तारखा आणि तापमान शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

तिने मुदत मागितली. रोजच्या नोंदींचे मूळ तक्ते निशांतने लावले होते आणि त्यांतलं नेमकं पान शोधणं तिला एकटीला जमणारं नव्हतं. संकोचत तिने भोपाळला फोन केला. निशांतने सगळं ऐकून घेतलं. "शाम तक भेजता हूँ," एवढंच म्हणाला. संध्याकाळी सातही दिवसांचं तापमान आलं, प्रत्येकाच्या मागच्या पंधरा दिवसांसकट, आणि त्या त्या शाळेच्या वहीतल्या पानाचा फोटोही सोबत. मजकूर मात्र एका ओळीचाही नव्हता.

पुढच्या तारखेला मृदुलाने ते वाचून दाखवलं. हरदयाल गेला त्या सकाळी जवळच्या शाळेत पारा सहा अंशांवर होता. आधीचे पंधरा दिवस धुकं. "उन्हाने माणूस मरतो," ती हिंदीत म्हणाली, "पण धुक्यात लू लागत नाही. आणि कुठल्याही उन्हाने छातीत असे ठिपके पडत नाहीत." रामसखीने पिवळं पाकीट स्वतः उठून अधिकाऱ्याच्या टेबलावर नेलं.

"बाकी दो?" वकिलाने ताडकन विचारलं. "वो तो मई में मरे."

बायकांचा वकील डोळ्यांनी खुणावत होता. पण खोटं बोलायला मृदुला आली नव्हती. "त्या दोघांच्या बाबतीत उन्हाचा हात नव्हताच, असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "खराब छातीच्या माणसाला ऊन लवकर मारतं. ती छाती कशाने खराब झाली, ते आधी बघा."

निकाल त्या दिवशी लागला नाही, पुढेही लवकर लागला नाही. अधिकाऱ्याने एवढंच केलं, की सगळे फोटो तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाकडे पाठवले आणि क्रशरवर सध्या कामाला असलेल्यांचीही तपासणी करायला सांगितलं. एवढंही होईल, असं आधी कुणाला वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक्स-रेची गाडी पठाखेऱ्यात आली. पुरुष रांगेत उभे होते, बायका संमतीच्या कागदांशी. मृदुला आणि सलोनी सकाळपासून तिथेच होत्या. रामसखीचा दीर क्रशरवर होता. तो अंगठा उठवायला पुढे झाला तशी रामसखीने त्याचा हात धरला.

"पैले बाँचो," ती मृदुलाला म्हणाली. आधी वाचून दाखवा.

"इसमें जाँच का ही लिखा है," सलोनी म्हणाली.

"पूरौ बाँचो."

कागद चार पानांचा होता आणि मागे रांग लांबत चालली होती. मृदुलाने चष्मा पुसला, बाजेच्या कडेवर बसली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. मधे कुणीतरी "हो गया, हो गया" म्हणालं, तरी ती थांबली नाही. दुसऱ्या पानावर रामसखीने एका शब्दाचा अर्थ विचारला. मृदुलाने तो सांगितला आणि पुढचं वाचलं.